पहिलं दूध शेवटी

सकाळपासून श्यामलाच्या पोटात थोड्या मनुका आणि अर्धा पेला पाणी गेलं होतं, आणि त्यातल्या मनुका परत आल्या होत्या. न्हाणीघराच्या बंद दारापलीकडून येणारे उमाशांचे आवाज ऐकत उत्तरेश्वर बारबोले हॉलमध्ये उभे होते. बसावं, तर सून आत हालात असताना सासरा खुर्चीत रेलला असं दिसेल. दाराशी जावं, तर तेही बरं दिसायचं नाही. म्हणून ते हॉलच्या बरोब्बर मधे, पंख्याखाली, हमालांनी आणून टेकवलेल्या आणि कुठल्या भिंतीला लावायचं ते न ठरलेल्या कपाटासारखे उभे होते.

धनकवडीतल्या त्या फ्लॅटमध्ये सध्या दोघंच होती. मुलगा अनिरुद्ध कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, म्हणजे सगळे म्हणत तसं 'ऑनसाइट' गेला होता. पत्नी कांताबाई बार्शीला होत्या, कारण बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. "पोरीकडं नीट बघा," एवढंच एसटीच्या खिडकीतून सांगून त्या गेल्या होत्या. उत्तरेश्वर तेव्हापासून बघतच होते. बघण्यापलीकडे काही जमत नव्हतं, हेच दुःख होतं. ज्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्याने परदेशी यंत्रं आणली आणि माणसांना हार घालून वेळेआधीच घरी पाठवलं. आपण कुणाच्या काही उपयोगाचे नाही, हा विचार ते हल्ली रोज सकाळी चहाबरोबर घेत.

तिसरा महिना चालू होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "वजन फार उतरलंय. सोमवारपर्यंत पोटात काही टिकलं नाही तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. अशा दिवसांत हे बरं नाही." त्या 'बरं नाही' वर त्यांनी एवढा वेळ दिला होता की उत्तरेश्वरांची झोप उडाली होती.

श्यामला भिंतीला धरून बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"सॉरी हां, बाबा. मी तुम्हाला फार त्रास देतो," ती म्हणाली. मूळची त्रिचूरची असल्यामुळे तिच्या मराठीत सगळ्या बायका पुरुष होत.

"त्रास कसला. काय खावंसं वाटतंय ते तरी सांग. मऊ भात टाकू? दूध-भाकरी?"

भाकरीचं नाव निघताच तिने तोंडावर हात धरला. मग पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "इष्टू."

"इष्ट काय?"

"इष्टू, बाबा. पांढरा असतो. भाज्या, आणि दूध. अम्मा करायचा." एवढं बोलून तिचे खांदे हलायला लागले.

उत्तरेश्वर हळूच बाहेर आले. अम्माचं नाव या घरात निघत नसे. श्यामला आणि अनिरुद्ध खराडीला एकाच कंपनीत होते, तिथे त्यांचं जमलं आणि दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न उरकलं. बार्शीच्या नातेवाइकांनी थोडे दिवस तोंडं वाकडी केली आणि मग जेवायला आले. त्रिचूरहून मात्र कुणीच आलं नाही. वडील आधीच गेलेले. आईने लेकीशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. लग्नानंतर श्यामलाने या घरचा पत्ता घालून लिहिलेल्या पत्रालाही उत्तर आलं नाही. दिवस गेल्याची बातमीही तिकडे पोचलेली नव्हती.

पण पोरीने काहीतरी मागितलं होतं. उत्तरेश्वरांना एवढी खूण पुरेशी होती. ते स्कूटर काढून सातारा रस्त्यावरच्या उडुपी हॉटेलात गेले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "इष्टू नाही. सांबार आहे." त्यांनी बार्शीला फोन लावला. कांताबाई म्हणाल्या, "पांढरी भाजी? बटाटा उकडा, दाण्याचा कूट घाला, झालं." कूट घातल्यावर ती पांढरी कशी राहील, हे विचारेपर्यंत बहिणीने पलीकडून हाक मारली आणि फोन संपला.

दुपारी श्यामलाचा डोळा लागला, तेव्हा तिचा मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला होता. उत्तरेश्वरांनी तो चोरासारखा उचलला. 'अम्मा' हे नाव अगदी वरच होतं, नवऱ्याच्याही आधी. त्यांनी नंबर पाठ केला, घरच्या फोनची वायर स्वयंपाकघरापर्यंत ओढली आणि दार लोटून घेतलं.

"हॅलो," पलीकडून करडा आवाज आला.

"नमस्ते. मैं पूना से बोलता. उत्तरेश्वर बारबोले. अनिरुद्ध का पिताजी."

पलीकडे चालू असलेला रेडिओ कुणीतरी बंद केला. मग आवाज आला, "कहिए."

माधवी टीचर त्रिचूरच्या शाळेत गणित शिकवत असत. तरुणपणी त्यांनी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या आणि त्यानंतर त्या कुणाशीही हिंदी बोलल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांची हिंदी कपाटातल्या शालूसारखी कडक घडीची राहिली होती. उत्तरेश्वरांची हिंदी मात्र कारखान्यात देशभरच्या माणसांशी बोलून पार विटली होती.

"मेरे को इष्टू बनाने का है."

"किस हेतु?"

"हेतू अच्छा ही है," उत्तरेश्वर घाईने म्हणाले. "सून का, मतलब बहू का, मुँह का चव गया है. थोडा बुखार है."

खरं कारण सांगायचा हक्क श्यामलाचा होता. तो आपण घ्यायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं.

टीचरनी लेकीची चौकशी केली नाही. मुलांना गणित घालावं तशा त्या सांगू लागल्या, "आलू, गाजर, बीन्स, प्याज. अदरक, हरी मिर्च. हल्दी वर्जित है. द्वितीय दूध में सब्ज़ी पकाइए. प्रथम दूध सबसे अंत में. उसके पश्चात उबालना वर्जित है."

"प्रथम दूध मतलब?"

"प्रथम मतलब प्रथम," टीचर म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

उत्तरेश्वर शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते. पहिलं दूध म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी एकदा खात्री करावी म्हणून त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या अनंतरावांना जिन्यात गाठलं. अनंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि दिवसभर कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलण्याची वाट बघत असत.

"अनंतराव, पहिलं दूध म्हणजे चीकच की नाही?"

"पिशवीवर लिहिलेलं नसतं तसं."

"म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवशीचं ते पहिलं, दुसऱ्या दिवशीचं ते दुसरं. असंच असणार."

"उत्तर ठरलेलं असेल तर प्रश्न कशाला विचारायचा, बारबोले? निदान मला जिना तरी उतरू द्या."

त्याला होकार समजून उत्तरेश्वर कात्रजच्या दिशेने निघाले. दोन-तीन गोठ्यांत नकार मिळाला. शेवटी घाटाच्या पायथ्याशी भैरू नावाच्या एका माणसाची म्हैस कालच व्याली असल्याचं कळलं.

"चीक हाय की," भैरू म्हणाला. "खरवस करायचा का?"

"नाही. भाजी."

भैरूने हातातली पेंढी खाली ठेवली. "कशाची भाजी?"

"बटाटा, गाजर, घेवडा. चिकात शिजवायची. सुनेच्या माहेरची पद्धत आहे."

"कुठलं म्हनायचं माहेर?"

"केरळ."

भैरूने म्हशीकडे बघितलं. मग पाहुण्याच्या डोळ्यांतली काकुळती बघून आत गेला आणि कालचा आणि आजचा चीक दोन वेगळ्या डब्यांत घेऊन आला. चीक विकत नाहीत म्हणून त्याने पैसे घेतले नाहीत. "भाजी झाली की सांगा कशी झाली ती," एवढंच म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती, काळजी होती.

स्वयंपाकघरात सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. उत्तरेश्वरांनी भाज्या एकसारख्या चिरल्या, आलं-मिरची घातली, वर 'द्वितीय' ओतलं आणि गॅस बारीक केला. ते घट्ट व्हायला लागलं. छान दाटपणा येतोय असं मानून त्यांनी 'प्रथम'ही ओतलं आणि झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं तर आत सगळं थांबलं होतं. पळी घातली, ती उभी राहिली. पातेलं तिरकं केलं, मग उलटं केलं. काही पडलं नाही.

त्यांनी सुरीने एक वडी कापली. वडी पांढरी, लुसलुशीत होती, आणि तिच्या एका कडेतून घेवड्याची शेंग बाहेर डोकावत होती. कसंही असलं तरी पांढरं होतं, भाज्या होत्या आणि दूध होतं. ती बशीत घालून ते श्यामलाच्या खोलीत गेले.

तिने बशीकडे बघितलं. शेंगेकडे बघितलं. "बाबा, हे काय आहे?"

"इष्टू," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

तिला हसू आल्यासारखं झालं. तेवढ्यात वास नाकाशी पोचला आणि ती न्हाणीघराकडे धावली. बशी हातात धरून उत्तरेश्वर पुन्हा हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले.

दुसरा फोन करायला त्यांना संध्याकाळपर्यंत धीर गोळा करावा लागला.

"टीचर, इष्टू जम गया."

"जम गया? अर्थ स्पष्ट कीजिए."

"मतलब घट्ट हुआ. पातेला उलटा किया तो भी नहीं गिरा."

"आपने कौन-सा दूध डाला?"

"भैंस का. बच्चा हुआ ना उसको, उसका पहिला."

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला, सोडल्याचा आला नाही.

"नारियल," शेवटी टीचर म्हणाल्या. "नारियल का दूध. इष्टू में अन्य कौन-सा दूध होता है?"

"हमारे गाँव में नारियल को दूध नहीं होता. भैंस को होता है."

टीचरनी पुन्हा सगळं सांगितलं. नारळ खवायचा, वाटायचा, कापडातून पिळायचा, ते पहिलं. त्याच चोथ्यात पाणी घालून पुन्हा पिळायचं, ते दुसरं. सांगून झाल्यावर त्या फोन ठेवतील असं उत्तरेश्वरांना वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

"ज्वर कितना है?" त्यांनी अचानक विचारलं.

"थोडा."

"मापा नहीं?"

"नारियल कितना लगेगा?" उत्तरेश्वरांनी विचारलं. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर नारळ घेऊन बसले. खवताना बोटाचं थोडं साल गेलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. खवलेला नारळ मिक्सरमध्ये घालून बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. तेव्हा पुण्यात वीज जायचे तास ठरलेले असत. पेपरात छापून येत असत आणि उत्तरेश्वर तर पेपर रोज वाचत. आज वाचला नव्हता. वीज दुपारनंतर येणार होती, आणि श्यामला पलंगावर डोळे मिटून पडली होती, पाणीसुद्धा मागत नव्हती.

त्यांनी मिक्सर काखेत मारला आणि अनंतरावांची बेल वाजवायला गेले. बेल वाजली, कारण अनंतरावांकडे इन्व्हर्टर होता.

"मिक्सर चालणार नाही त्यावर," अनंतराव दारातच म्हणाले.

"एकदाच फिरवतो. सुनेसाठी आहे."

सुनेसाठी म्हटल्यावर अनंतरावांना नाही म्हणता येईना. मिक्सर घरघरला, नारळ निम्मा वाटला गेला, मग 'टक्' असा बेताचा आवाज आला आणि अनंतरावांच्या घरातले पंखे सावकाश थांबले. आतून क्रिकेटच्या समालोचनाचा आवाज येत होता, तोही थांबला.

"झालं का वाटून?" अनंतरावांनी थांबलेल्या पंख्याकडे बघत विचारलं.

"निम्मं."

"मग उरलेलं समोरच्या सोसायटीत घेऊन जा. त्यांच्याकडे जनरेटर आहे. माझ्या एकट्याचंच का नुकसान व्हावं."

निम्म्यावर भागवायचं ठरलं. आता कापड हवं होतं. कांताबाईंची फडकी कुठे असतात हे त्यांना माहीत नव्हतं. गॅलरीत स्वतःचा धुतलेला पंचा वाळत होता. पांढरास्वच्छ, चोळून धुतलेला. कांताबाई गेल्यापासून कपडे तेच धूत होते, आणि पांढऱ्या कपड्यांना नीळ घालतात एवढं त्यांना माहीत होतं. किती घालतात, ते माहीत नव्हतं. त्यांनी वाटलेला नारळ पंच्यात बांधला, कारखान्यात घट्ट बसलेला नट सोडवावा तसा दात-ओठ खाऊन पिळला, आणि पातेल्यात दूध पडू लागलं. ते आकाशी रंगाचं होतं.

त्यांना आधी वाटलं की उजेड कमी आहे. पातेलं खिडकीशी नेलं, तर रंग जास्तच खुलला. दुसरं दूध काढलं, ते थोडं फिकट होतं, पण आकाशीच. आता वाटलेला नारळ संपला होता. भाज्या शिजत घातल्या. एखाद्या डोहात बुडाल्यासारखे बटाटे निळ्या रसात डुबक्या मारत होते. हे पोरीपुढे ठेवणं शक्य नव्हतं. रंग झाकायला घरात एकच गोष्ट होती. टीचरनी ती वर्जित आहे असं सांगितलेलं त्यांना आठवत होतं, पण त्यांनी तर नीळही सांगितली नव्हती. उत्तरेश्वरांनी चमचाभर हळद घातली.

निळ्यात पिवळं घातलं की काय होतं, हे शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला कधीतरी त्यांच्या कानावरून गेलं असेल. पातेल्यात ते डोळ्यांदेखत घडलं. मग घाबरून त्यांनी गॅस मोठा केला. दूध फाटलं आणि हिरव्या पाण्यावर हिरवे गोळे तरंगू लागले.

श्यामला पाणी प्यायला उठली होती. भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि पातेल्यात डोकावली.

"पालक आहे का, बाबा?"

उत्तरेश्वरांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. तिने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या बोटाकडे, निळ्या पंच्याकडे, सगळीकडे सांडलेल्या नारळाकडे. "तुम्ही बसा थोडा," ती म्हणाली आणि परत जाऊन पडली.

ते बसले, स्वयंपाकघराच्या फरशीवरच, गॅसच्या सिलेंडरला टेकून. जन्मात एखादी गोष्ट इतकी नीट, इतकी क्रमाक्रमाने बिघडवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पातेलं समोर होतं. सोमवार जवळ येत होता. पोरीने जन्मात पहिल्यांदा आपल्याकडे काही मागितलं आणि आपण तिला एकदा वडी दिली, एकदा शेवाळ. कारखान्याने घरी पाठवलं ते बरोबरच केलं. हात पुसून त्यांनी फोन ओढला.

"टीचर, नीला हुआ."

"क्या नीला हुआ?"

"इष्टू. फिर हरा हुआ."

टीचरच्या हिंदीच्या परीक्षांत हा प्रसंग आला नसावा.

आणि मग उत्तरेश्वरांचा बांध फुटला. लांबचा फोन म्हटला की ते ओरडून बोलत. आता तर त्यांना आवाजावर ताबाच राहिला नाही. "टीचर, मेरे से नहीं होता. बुखार-बिखार कुछ नहीं. तीसरा महीना है. लड़की पंधरा दिन से कुछ खाती नहीं. सोमवार को दवाखाने में डालेंगे, सुई लगाएँगे. उसने भाकरी नहीं माँगी, पेढा नहीं माँगा. तुम्हारा इष्टू माँगा. मैं लोहा कातनेवाला आदमी, मैं किधर से लाऊँ?"

ऐकायला कुणी नव्हतं. मधेच कधीतरी फोन ठेवला गेला होता. 'किधर से लाऊँ' ते रिकाम्या टूं-टूं आवाजाला विचारत होते. आणि मान वर केली तर दारात श्यामला उभी होती.

"अम्माला सांगितला तुम्ही," ती म्हणाली.

"पोरी—"

"मी सांगणार होतो. ती माझ्याशी बोलला असता, तेव्हा." आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो जास्त लागला. "आता तिला कळला, आणि तरी तिने फोन ठेवला. आता कळला ना मला पण."

तिच्या खोलीचं दार बंद झालं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते अगदी हळू बंद झालं.

त्या संध्याकाळी बार्शीहून फोन आला तेव्हा उत्तरेश्वरांनी सगळं सांगून टाकलं. कांताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला पोरीकडं बघायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिच्या आईकडं कुणी बघायला सांगितलं होतं?" मग थोडं थांबून, "आणि पंचा घेतलात? कपाटात खालच्या खणात फडकी आहेत की." हे ऐकल्यावर उत्तरेश्वरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. शनिवार तसाच गेला. श्यामला पाणी पिऊन राहिली, दवाखान्यात न्यायची पिशवी त्यांनी भरून दाराशी ठेवली, आणि दोघांत 'पाणी देऊ का' याखेरीज शब्द झाला नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक किडकिडीत बाई उभी होती. करड्या काठाची साडी, जाड भिंगांचा चष्मा, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नारळांनी भरलेली पिशवी. काखेला बसायच्या पाटासारखं काहीतरी होतं, त्याला पुढे दातेरी पातं.

बाईंनी उत्तरेश्वरांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भैंसवाले आप ही?"

उत्तरेश्वरांनी मान हलवली.

"रसोई किस दिशा में है?"

त्यांनी बोट दाखवलं. माधवी टीचर श्यामलाच्या बंद दारावरून पुढे गेल्या. पावलं तिथे किंचित अडखळली, पण थांबली नाहीत. स्वयंपाकघरात त्यांनी पदर खोचला, ओट्यावरचं हिरवं पातेलं उघडून बघितलं, झाकलं आणि दूर सरकवलं. मग पाट मांडून खवायला बसल्या. त्या रात्रंदिवस गाडीत बसून आल्या होत्या, पण पाठीला कुठे बाक नव्हता. नारळाचा कीस नुसता भुरभुरत पडत होता. दोन्ही दुधं निघाली, पांढरी. भाज्या शिजल्या. वर कढीपत्ता पडला. घरात एक मऊ, गोडसर वास पसरला.

त्या वासाने श्यामलाचं दार उघडलं. ती स्वयंपाकघरापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली.

"अम्मा."

टीचरनी मागे वळून बघितलं नाही. पातेल्यात डाव फिरवत त्या मल्याळममध्ये काहीतरी बोलल्या. उत्तरेश्वरांना भाषा कळली नाही, पण सूर कळला. हात धुऊन बस, असं कुठल्याही आईने म्हटलं तरी ते असंच ऐकू येतं. डाव मात्र एकाच जागी गोल फिरत होता आणि चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या.

श्यामला पाटावर बसली. पुढे वाटी आली. शुभ्र रस, त्यात डोकावणारे बटाटे, वर हिरवं पान. तिने चमचा भरला, ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले, आणि चमचा टाकून न्हाणीघराकडे धावली.

दोन दिवस घरात नारळ उकळत, फाटत आणि आंबत होता. त्या वासानेच आता तिला ढवळत होतं. हे तिने नंतर हुंदके देत सांगितलं तेव्हा उत्तरेश्वरांना खिडकीतून खाली बघावंसं वाटलं.

पण तेव्हा ते हॉलच्या मधोमध उभे राहिले होते आणि माधवी टीचर त्यांच्यासारख्या तिथे उभ्या राहिल्या नाहीत. त्या सरळ न्हाणीघरात गेल्या, ओल्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी लेकीचं कपाळ आपल्या तळहातावर पेललं. बराच वेळ आतून दोघींचा आवाज येत होता. आधी एकीच्या रडण्याचा आणि दुसरीच्या रागावण्याचा, मग कोण रडतंय आणि कोण रागावतंय ते कळेनासं झालं.

मग टीचर बाहेर आल्या, मूठभर तांदूळ धुतले, भरपूर पाण्यात शिजवले आणि मीठ घातलं. ती पेज त्यांनी लेकीला पलंगावर बसवून चमच्याचमच्याने भरवली. श्यामलाने वाटी संपवली. उत्तरेश्वर दारातून बघत राहिले, मनुका परत येतात तशी पेज परत येण्याची वाट बघत. आली नाही. श्यामला आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. तांदूळ, पाणी आणि मीठ. तिन्ही वस्तू या घरात पहिल्या दिवसापासून होत्या.

दुपारी पातेलंभर इष्टू तसाच होता. टाकवत नव्हता. टीचरनी दोन ताटं घेतली आणि व्याही-विहीण समोरासमोर बसले.

"कैसा है?" त्यांनी विचारलं.

उत्तरेश्वरांची जीभ बार्शीची. कडक भाकरी आणि तिखटाचा लालभडक कट यांवर पोसलेली. त्या जिभेवर इष्टूचा घास आला, काही न बोलता थोडा वेळ बसला आणि उठून गेला. मीठ असावं असा संशय आला, पण पुरावा मिळाला नाही. उत्तरेश्वरांनी समोर बघितलं. बाई देशाच्या त्या टोकाहून नारळ वाहून आली होती.

"बहुत बढ़िया," ते म्हणाले आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

माधवी टीचरच्या चेहऱ्यावरची इस्त्री पहिल्यांदा मोडली. त्यांनी वाटी पुन्हा काठोकाठ भरली.

"श्यामला के पिता भी यही कहते थे," त्या म्हणाल्या. "परंतु दूसरी बार लेते नहीं थे. आपने लिया." चष्मा पदराने पुसत त्यांनी पुढे सांगितलं, "प्रसव तक मैं यहीं रहूँगी. श्यामला को गंध सहन नहीं होती, तो द्वार बंद करके पकाऊँगी. आपको प्रतिदिन मिलेगा."

संध्याकाळी कांताबाईंचा फोन आला. पोरीच्या पोटात दोनदा पेज टिकली, दवाखान्याची पिशवी रिकामी केली, आई आली आहे आणि राहणार आहे, हे ऐकून त्या फोनवरच रडल्या. उद्या सकाळच्या गाडीने येतेच म्हणाल्या. येताना काय आणू, असंही विचारलं.

उत्तरेश्वरांनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघितलं. आतून खवणीचा आवाज येत होता. त्यांनी फोनवर हाताचा आडोसा धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

"काळं तिखट आण," ते म्हणाले. "मोठी बरणी भरून. आणि पिशवीत तळाशी, साड्यांच्या घडीत घालून आण."